तुळसाबायची हजेरी

आयुष्यात माझं एकच लिखाण छापून आलं, आणि त्यापायी मुरबाड तालुक्यातली शे-दीडशे लग्नं एका दुपारपुरती रद्द झाली. लग्न लागलेल्यांपैकी काहींना तोवर चार-चार पोरं झालेली होती. त्यानंतर मी कागदावर हजेरीपट आणि पगाराची पावती यापलीकडे काही लिहायचं नाही, असं ठरवलं. ज्या बाईवर मी ते लिहिलं होतं तिनेच मला तसा सल्ला दिला होता.

"तुमी लिवू नका, मास्तर," ती म्हणाली होती. "शिकवा. शिकवल्यानं कुनाचं काय बिगडत नाय. पोरं ऐकतच नायत."

तिचं नाव तुळसाबाय. आज म्हातारपणी हा सल्ला मोडतो आहे. पण ती आता रागवायला नाही, आणि ज्यांची लग्नं रद्द झाली होती त्यांना आता पतवंडं झाली असतील.

मी कल्याणचा. फायनलची परीक्षा कशीबशी काठावर पास होऊन बोर्डाच्या शाळेत लागलो आणि वैशाखऱ्याला नेमला गेलो. त्या काळी मुरबाडच्या पुढे मास्तरला पाठवत ते एक तर शिक्षा म्हणून, नाही तर त्याचा वशिला नसे म्हणून. मला शिक्षा होण्याइतकं काही मी केलेलं नव्हतं. गावात उतरलो तेव्हा माझ्याकडे एक ट्रंक, एक छत्री, एक बंद गळ्याचा कोट आणि समाजसुधारणेचा भरपूर उत्साह होता. यातली छत्री तेवढी गावाच्या उपयोगी पडली.

गोमा पाटलाने मला राहायला एक पडवी दिली. तिची एक भिंत कुडाची होती आणि कुडाच्या पलीकडे कोण राहतं हे मी विचारलं नव्हतं. पहिल्याच पहाटे जाग आली ती जात्याच्या घरघरीने. त्या घरघरीवर एक जाडाभरडा आवाज एकामागून एक नावं घेत होता. "शिनवार. बुधा. बुधाची आई कोंडी. काथोड. काथोडचा पाण्यात गेला तो..." मी अंथरुणातच ताठ झालो. माझी खात्री झाली की बोर्डाने चुकून या गावाला दोन मास्तर पाठवले आहेत, दुसरा माझ्याआधी पोचला आहे आणि पहाटेच हजेरी घेऊन त्याने मला पहिल्याच दिवशी खाली पाहायला लावलं आहे. मी कोट चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि जाब विचारायला बाहेर पडलो.

जात्याशी एक उंच बाई बसली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कपाळावर आडवं कुंकू, दातांवर मिसरी. खांदे मात्र पाठीवरून भाताची पोती वाहणाऱ्याचे.

"काय पायजे, मास्तर?" तिने विचारलं. आवाज तोच.

"हजेरी कोण घेत होतं?"

"मी."

"कुणाची?"

"मेल्यांची," ती म्हणाली आणि जात्यात मूठभर नाचणी टाकून पुन्हा फिरवू लागली. "बुधाच्या घरची झाली, आता पाटलाची घेते. ऐकायची हाय का?"

मी ऐकायला थांबलो नाही.

पुढे कळलं ते असं. त्या भागातल्या कुणब्यांच्या घरी लग्न निघालं की भटजीच्या आधी धवलारीण लागते. मांडव पडला की ती चौक भरते, दिवा लावते, धवळे म्हणजे लग्नाची गाणी गाते आणि त्या घरातून गेलेल्या एकेका माणसाला नावाने हाक मारून लग्नाला बोलावते. ती नाव घेते, घरचा कर्ता सुपात चिमूटभर तांदूळ ठेवतो आणि त्या माणसाच्या वतीने उत्तर देतो, "हाय. मांडवात हाय." सगळी नावं आली की सूप भरलं म्हणायचं. एखादं राहिलं, तर तो रुसतो आणि नव्या नवरीच्या नांदण्यात खोड निघते. त्यामुळे चांगली धवलारीण कोणती, तर जिला गावोगावची गेलेली माणसं तोंडपाठ आहेत ती. तुळसाबायला चाळीस गावांची पाठ होती. विसरू नयेत म्हणून ती रोज पहाटे दळताना चार-पाच घरांची उजळणी करायची.

माझ्या हजेरीपटावर एकतीस नावं होती आणि शाळेत अकरा पोरं येत. तिच्या पटावर सातशे-आठशे नावं असतील. एकदाही कुणी गैरहजर नसायचं.

चौथ्या-पाचव्या दिवशी मी परसात गेलो तर तुळसाबाय उन्हात फुटका आरसा धरून चिमट्याने हनुवटीवरचे केस उपटत होती. मला पाहून ती दचकली नाही. "आमचं रोजचं तन," म्हणाली. "भात लावा न लावा, ते उगवतंच." माझ्या मंद डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. मी तसाच पाटलाकडे गेलो आणि घसा खाकरून म्हणालो, "पाटील, ती शेजारची बाई..."

"जनामायची लेक," पाटील म्हणाला.

"हो, पण ती..."

"जनामायची लेक," पाटील तितक्याच सुरात म्हणाला आणि तंबाखू मळू लागला.

गावाचं या विषयावरचं उत्तर एवढंच होतं. जनामाय ही तिथली आधीची धवलारीण, मूलबाळ नसलेली. एका उन्हाळ्यात तिच्या दारी शहापूरकडून चालत आलेलं एक अठरा वर्षांचं पोर येऊन बसलं. अंगावर धोतर, मनात लुगडं. जनामायने त्याला दोन दिवस जेवू घातलं, तिसऱ्या दिवशी आपलं जुनं लुगडं नेसवलं आणि गावाला सांगितलं की ही माझी लेक तुळसा, माझ्यामागं हीच गाईल. जनामायला दुखवायची कुणाची छाती नव्हती. तिच्या पोटात सगळ्यांचे बापजादे होते. ती गेली आणि सगळे बापजादे तुळसाच्या पोटात आले.

म्हणजे गाव फार उदार होतं असं नाही. मलाही ते पहिली दोन वर्षं तसं वाटलं, कारण मला जे वाटून घ्यायला सोपं जाईल तेच मला वाटत असे. मांडवात तुळसाबायला सगळ्यांत पुढे पाट असायचा. गाणं संपून पंगत बसली की तिची पत्रावळ गोठ्याच्या बाजूला मांडलेली असायची. संक्रांतीला बायका तिच्या दारावरून एकमेकींकडे हळदीकुंकवाला जायच्या आणि तिच्या दाराशी आल्या की त्यांना काही तरी घाई आठवायची. पाणवठ्यावर ती सगळ्यांचं झाल्यावर जायची. मुरबाडच्या बाजारात टोळभैरव मागून कुजकट शिट्ट्या घालायचे. मी एकदा तिला म्हणालो, "तुम्हाला राग येत नाही?" ती म्हणाली, "येतो की. पन त्यांच्या आज्याचं नाव माज्या तोंडात हाय. लगीन निगालं की बगू."

आणि लग्न निघालं की ती काही करायची नाही, त्यांच्या आज्याला गोडच हाक मारायची. मी असतो तर निदान दोन नावं गाळली असती.

मी तिला शहाणपण शिकवायचा पहिला प्रयत्न केला तो नांगरावरून. जनामायचा खाचराचा एक तुकडा तिच्याकडे होता. दर पावसाळ्यात ती चार पायल्या भात देऊन एक नांगऱ्या लावायची. तो नांगऱ्या माझ्या मनगटाएवढ्या मांड्यांचा. तो खोकत खोकत औत धरायचा आणि ही बांधावर उभी राहून पाहायची. मी छत्री घेऊन बांधावर गेलो आणि हिशेब समजावून सांगितला. म्हटलं, "तुळसाबाय, तुम्ही त्याच्या दुप्पट ताकदीच्या. स्वतः औत धरलंत तर दोन दिवसांचं काम एका दिवसात होईल."

तिने माझ्याकडे पाहिलं. वर्गातला एखादा पोरगा सात वेळा चुकला की मी जसं पाहतो तसं.

"बायकांनी नांगराला हात लावू नये, मास्तर," ती म्हणाली. "पाऊस जातो."

मी ओशाळलो. पण ओशाळून गप्प बसण्याची विद्या मला अजून आली नव्हती. मी म्हणालो, "पण तुम्ही..." आणि पुढे काय म्हणावं हे न सुचून तिथेच थांबलो. नांगऱ्यानेही औत थांबवलं. तो खोकायचासुद्धा थांबला.

"पन मी काय?" तिने विचारलं.

माझा पाय बांधावरून घसरला आणि मी कोट-छत्रीसकट चिखलात बसलो. आजवर मी दिलेल्या उत्तरांत हेच सगळ्यांत बरं. तिने मला एका हाताने, कांद्याची पात उपटावी तसं बाहेर काढलं आणि नांगऱ्याला म्हणाली, "चाल रे, मास्तरांचा धडा झाला."

पहाटेची तिची हजेरी मला हळूहळू पाठ व्हायला लागली होती. कुठल्या घरानंतर कुठलं हे मी कुडाअलीकडून सांगू शकलो असतो. सगळ्यांत शेवटी, अगदी हलक्या आवाजात, एक घर यायचं. ते कुठल्या गावचं हे ती म्हणायची नाही. "राघो. राघोची बायको सावित्रा. भिका. भिकाची बायको रखमा." आणि इथे ती थांबायची. जातं दोन फेरे रिकामं फिरायचं. मग उठायची. ती दोन फेऱ्यांची जागा मला खटकायला लागली. हजेरी घेणाऱ्याला कळतं की नाव संपलं म्हणून थांबणं वेगळं आणि नाव आहे म्हणून थांबणं वेगळं.

एका दुपारी ओट्यावर बसून मी विचारलं. तिने आढेवेढे घेतले नाहीत.

"शेनव्याचं घर ते. माजं."

"तिथे लग्नाला जाता?"

"मेलेला मानूस जाईल कसा?" ती म्हणाली. "मी निगाले आन भावानं म्हैनाभर वाट बगितली. मंग लोक काय म्हंतील, पोरीबाळींची लग्नं कशी व्हतील, म्हनून पळसाच्या पानांचा मानूस केला आन नदीवर जाळला. चांगोचा दहावा घातला. चांगो म्हंजे मी तवाची."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"मी व्हते की तिथं," ती म्हणाली. "पलीकडच्या काठाला, झाडीत. लई चांगला जळला. पळस सुकेला व्हता." मग मिसरीची डबी उघडत पुढे म्हणाली, "गरीब व्हता बिचारा चांगो. त्याला काय जमत नव्हतं. मेला ते बरं झालं. पन घर त्याचं व्हतं ना, मास्तर. घर माजंबी व्हतं."

तेव्हा मला समजलं की चाळीस गावांच्या मांडवांत मानाने बसणाऱ्या या बाईला एकाच मांडवात बसायचं आहे आणि तिथली सुपारी तिला कधी येणार नाही. इथे एखादा समंजस माणूस हळहळला असता आणि चहा करायला उठला असता. मी दौत घेतली.

पुण्याच्या एका मासिकात तेव्हा खेड्यापाड्यांतल्या गाण्यांवर लेख येत. मी चार रात्री रॉकेल जाळून 'एक अद्भुत धवलारीण' असा लेख लिहिला. त्यात तिच्या स्मरणशक्तीची स्तुती होती, आवाजाची होती, आणि मधेच, मोठ्या उदात्त भाषेत, ही थोर व्यक्ती जन्माने पुरुष असून जनरीतीला न जुमानता स्त्रीचं जीवन जगते, असं एक वाक्य होतं. माझ्या मते तो लेखाचा कळस होता. हा लेख शेणव्याला पोचेल, भावाचं हृदय पाझरेल आणि भरत-भेट होऊन मला त्या भेटीचं पुढचं प्रकरण लिहायला मिळेल, असा माझा बेत होता. उंटावरचा शहाणा म्हणतात तो निदान उंटावर बसलेला असतो, त्याला लांबचं दिसतं. मी जमिनीवर होतो.

मासिक मुरबाडला एका दुकानदाराकडे आलं. त्याने ते बाजाराच्या दिवशी मोठ्याने वाचलं. तिसऱ्या दिवशी वैशाखऱ्याच्या देवळात आठ गावचे पंच बसले. प्रश्न असा होता, की धवलारीण बाईच लागते, हा रिवाज. मग हिने लावलेली लग्नं लागली की नाही?

मी कोपऱ्यात बसून होतो. पंचांनी मला बोलावलं नव्हतं, पण लेखकाने हजर असावं असं मला वाटलं. शिंगापूरचे एक म्हातारबा म्हणाले, रिवाज म्हणजे रिवाज, नाही लागली. दुपारपर्यंत मत त्या बाजूला झुकलं. इतक्यात पाटलाची सून राधी देवळाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. काखेत एक, पदराला दोन, आणि एक हातात काठी घेऊन मागे.

"मामंजी," ती सासऱ्याला म्हणाली, "माजं लगीन लागलं नसल तर मी आज माहेरी जाते. परक्याच्या घरात कशाला राबू? ही पोरं तुमची तुमी संबाळा." आणि तिने काखेतलं पोर खरोखरच पाटलाच्या मांडीवर ठेवलं. तिच्या मागे रस्त्यावर आणखी बायका दिसू लागल्या, आणि प्रत्येकीबरोबर पोरं.

पाटलाच्या धोतरावर त्या पोराने जे करायचं ते केलं आणि पंचांचं मत फिरलं. झालेली लग्नं पक्की. मात्र यापुढे, पंचांचा पक्का निकाल लागेपर्यंत, तुळसाबायला कुणी सुपारी देऊ नये. म्हणजे मागचं सगळं खरं आणि पुढचं सगळं बंद.

संध्याकाळी ती मासिक घेऊन माझ्या पडवीत आली. "वाचा," म्हणाली. मी वाचलं. ती हनुवटीखाली हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"ब्येस लिवलाव. फकस्त एक गोस्ट बोलायची नव्हती ती बोललाव."

"पण तुळसाबाय, ते तर सगळ्यांना ठाऊक होतं."

"सगळ्यांना ठाव व्हतं," ती म्हणाली. "म्हनून तर कुनी बोलत नव्हतं."

झाकली मूठ म्हणतात ती हीच, आणि मी ती दुसऱ्याची उघडली होती. मला फार लाज वाटली. लाज वाटली की मी काही तरी करायला जातोच. मी संपादकांना दुरुस्तीचं पत्र पाठवलं. त्यांनी ते पुढच्या अंकात चौकटीत छापलं, आणि ज्यांनी पहिला लेख वाचला नव्हता त्यांनाही सगळं कळलं.

दोन उन्हाळे तिला एकही सुपारी आली नाही. धवळ्यांवर तिची वर्षाची मीठमिरची चालायची, पण ती त्याबद्दल कुरकुरली नाही. शेजारच्या गावात मांडव पडला आणि शहापूरकडून सोनाबाय नावाची दुसरी धवलारीण गायला आली, की वाऱ्याबरोबर आवाज यायचा आणि तुळसाबाय दळायचं सोडून ऐकत बसायची. "बुधाचा काका विसरली," मधेच म्हणायची. "आता तो बसंल रुसून." तिचे ओठ हलायचे. विसरलेल्याला ती इथून बोलावून घ्यायची. मला त्या दोन वर्षांत झोप नीट लागली नाही, हे सांगून दया मागण्यात अर्थ नाही. झोप तिचीही गेली होती आणि तिने काही लिहिलं नव्हतं.

युद्ध सुरू होऊन रॉकेल मिळेनासं झालं होतं, त्या साली चैत्रातली गोष्ट. भर दुपारी एक माणूस दारात आला. डोक्याला मुंडासं, हातात सुपारीचा पुडा, धुळीने पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. खांदे पाहिले आणि मी ओळखलं. 'तुम्ही भाऊ का?' हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी जीभ चावली. आयुष्यात वेळेवर गप्प बसल्याची ही माझी पहिली नोंद.

"धवलारीणबाय हायत का?" त्याने जमिनीकडे पाहत विचारलं.

तुळसाबाय बाहेर आली. पाहताच उंबऱ्यात थांबली. मग पदर सारखा केला.

"कुठनं आलाव?"

"शेनव्यावरनं."

"शेनव्याला सोनाबाय जाते."

"ती तापानं पडलीय, उठत नाय. लगीन चार दिसांवर आलं. पोरीचं."

"कोनाच्या?"

"माज्या. पदू भिकाच्या." त्याने मान वर केली नाही.

"तुमचं घर मना ठाव नाय," ती म्हणाली. "नव्या घरी जायचं तर गेलेल्यांची नावं घरच्यानं सांगाय लागतात. बसा. सांगा."

तो ओट्याच्या कडेला बसला. मी रोज पहाटे ऐकत होतो ती नावं त्याने त्याच क्रमाने सांगितली. राघो. सावित्रा. भिका. एकेक नाव ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी परत म्हणत होती. रखमा म्हटल्यावर तो थांबला.

"आनखी?"

"येवढीच."

"नीट आटवा. एक नाव ऱ्हायलं तर पोरीला लागतं."

तो सुपारीचा पुडा या हातातून त्या हातात करत राहिला. मी हजेरीपटात डोकं खुपसून बसलो होतो. पट उलटा होता.

"चांगो," तो शेवटी म्हणाला. "धाकला भाव माजा."

"कशानं गेला?"

त्याने मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "आमीच घालवला."

तिने पुढे होऊन पुडा घेतला. "येते," म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मास्तर, सूप घ्या. तुमी येताव बरोबर."

मी एक दिवस बैलगाडीतून आणि एक दिवस काळू नदीचं सुकलेलं पात्र ओलांडून, रानातून, डोक्यावर सूप घेऊन तिच्या मागून चाललो. वाटेत लोक तिला विचारत, "हा गडी कोन?" ती म्हणे, "माजा. कामाला बरा हाय, बोलाया देऊ नका."

शेणव्याच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. तिकडचे पंच पुढेच बसले होते. दुसरी धवलारीण नाही म्हणून त्यांनी डोळ्यांवर कातडं ओढलं होतं, पण कानांवर नाही. चांगोचं काय होतं हे प्रत्येकाला ऐकायचं होतं. तिने ते नाव गाळलं, तर पदूने वीस वर्षांपूर्वी पानांचा पुतळा जाळून गावाला फसवलं हे भर मांडवात ठरणार होतं, आणि पोरीच्या नांदण्याला बोल लागणार होता. तिने नाव घेतलं, तर स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या घरात, ती मेली असं ती सांगणार होती. वर त्या नावाला उत्तर पदूनेच द्यायचं होतं. हळद लागलेली पोर, यमुना, पाटावर खाली मान घालून बसली होती.

तुळसाबायने चौक भरला. दिवा लावला. धवळा उचलला आणि दोन वर्षं बंद ठेवलेला तो आवाज मांडवाच्या पाचोळ्यातून वर गेला. आज्याला, राघोला, तिने बोलावलं. पदूने सुपात तांदूळ ठेवला, म्हणाला, "हाय. मांडवात हाय." सावित्रा. भिका. बापाचं नाव घेताना तिचा आवाज जराही हलला नाही. रखमा. तिथेही नाही. मग ती थांबली. दोन फेरे जातं रिकामं फिरावं इतकाच वेळ.

"चांगो रे बाळा, ये मांडवात," तिने गायलं. "भावाची लेक निगाली नांदाया. तुज्यावाचून सूप भरंना रे, ये मांडवात."

पदूने मान वर केली. चार दिवसांत पहिल्यांदा त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. चिमटीत तांदूळ तसाच. माझं तोंड उघडलं होतं. इतकी वर्षं हजेरी घेतल्याचा परिणाम. कुणी उत्तर देईना की मला दम निघत नाही. मी खरोखरच त्याच्या वतीने 'हाय' म्हणणार होतो. तुळसाबायने नुसती नजर माझ्याकडे फिरवली आणि मी तोंड मिटलं.

"हाय," पदू म्हणाला. आवाज फाटला, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं, "हाय. मांडवात हाय." रिवाजाने उत्तर तिथे संपतं. त्याने तांदूळ सुपात ठेवला आणि खाली पाहत पुढे म्हणाला, "जेवूनच जाईल."

ती रडली नाही. लग्न खोळंबून चालत नाही, म्हणून तिने लगेच पुढचा धवळा धरला. रडलो मी. शेजारच्याने विचारलं तेव्हा डोळ्यांत चुलीचा धूर गेला म्हणून सांगितलं. चूल मांडवाच्या पार पलीकडे होती.

पंगतीला तिची पत्रावळ नेहमीप्रमाणे गोठ्यात मांडली होती. पदूची बायको गोठ्यात गेली, पत्रावळ उचलली आणि पडवीत, घरच्या बायकांच्या रांगेत, यमुनेच्या शेजारी नेऊन ठेवली. एकदोघी सरकून बसल्या. जवळ की लांब, हे मला तिथून दिसलं नाही. माझी पत्रावळ हलवायची कुणाला आठवण झाली नाही. मी आणि एक रेडकू गोठ्यात जेवलो.

दुसऱ्या दिवशी पदू आम्हाला शिवेपर्यंत पोचवायला आला. तिथे त्याने नारळ दिला आणि मागे फिरला. मिठी वगैरे काही झालं नाही. माझं पुढचं प्रकरण राहिलंच. बराच वेळ चालल्यावर तुळसाबाय म्हणाली, "चांगोला आमटी लई आवडायची. काल पोटभर जेवला."

यमुनेला पहिला मुलगा झाला आणि तुळसाबायच्या दारी पुन्हा सुपाऱ्या येऊ लागल्या. पंचांचा पक्का निकाल मात्र अजून लागायचाच आहे. गोठ्यातली पत्रावळ बाकी गावांत गोठ्यातच राहिली, आणि संक्रांतीला बायकांना तिच्या दाराशी घाई आठवतच राहिली. शेणव्याला ती पुन्हा एकदाच गेली, पदूच्या मुलाच्या लग्नाला.

युद्ध संपलं त्या सुमारास माझी बदली झाली. निघायच्या दिवशी गाडीवान पहाटेच आला. तुळसाबायचा निरोप आदल्या संध्याकाळी घेतला होता आणि त्यात मी तिला पाठ्यपुस्तकातले दोन उतारे बसतील इतकं बोललो होतो. ती म्हणाली होती, "बरं." पण ट्रंक गाडीत चढल्यावर पाय तिकडे वळले. दार उघडं होतं. ती पाठमोरी जात्याशी बसली होती, खांदे पुढेमागे होत होते आणि हजेरी चालू होती. शेणव्याचं घर आलं होतं. राघो. सावित्रा. भिका. रखमा. आजवर कुडाअलीकडून मला इथे दोन रिकामे फेरेच ऐकू आले होते, आताही मी त्यांची वाट पाहिली. ते रिकामे गेले नाहीत.

"चांगो," ती म्हणाली.

आणि एक फेरा झाल्यावर, हळूच, स्वतःशीच: "हाय."

तिने मूठभर नाचणी जात्यात टाकली. मी हाक मारली नाही. मागच्या मागे पाय न वाजवता आलो आणि गाडीत बसलो.